पानांचा ढीग, काडी आणि कायदा

वसंत ऋतूचे वर्णन कवींनी नव्या पालवीवरून केले. परंतु पालवीच्या आधी पानगळ येते आणि ती झाडणाराच्या वाट्याला जाते. ह्या दिवसांत पिंपळाची, बदामाची पाने रस्तोरस्ती पडतात. सकाळी झाडलोट होते, ढीग लागतो आणि पुष्कळदा तो तेथल्या तेथे पेटविला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे राहणाऱ्या आपणां सर्वांना तो वास ओळखीचा आहे. असे जाळणे बेकायदा आहे, हेही बहुतेकांच्या कानांवर आलेले असते. मग बंदी आहे आणि धूरही आहे, ही दोन्ही एका गावात सुखाने कशी नांदतात? ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

प्रथम एक जुनी गोष्ट. आपल्या ह्या भागात भाताची रोपे करण्यापूर्वी जमीन भाजण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत ह्यांचे थर वाफ्यावर पसरून ते पेटवावयाचे; ह्यालाच राब म्हणतात. इंग्रजी राज्यात जंगलाचे कायदे कडक झाले, राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत मोठी नाराजी पसरली. अखेर सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ह्यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. शेतकरी अडाणीपणाने आग लावीत नव्हता. जमीन तापल्याने तण मरते व रोप जोमाने येते, हा त्याचा अनुभव होता. तात्पर्य इतकेच की, आग लावणाराला काही कारण असते. त्या कारणाची दुसरी सोय झाली नाही, तर बंदी त्याला नुसता जाच वाटते. शहरातल्या पानांच्या ढिगालाही हाच न्याय लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हवेच्या प्रदूषणाविषयीचा केंद्रीय कायदा १९८१ सालचा. प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशात, इंधन नसलेली एखादी वस्तू जाळल्याने हवा बिघडत असेल, तर ती जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला. २००० सालच्या घनकचऱ्याच्या नियमांत कचरा व वाळलेली पाने जाळू नयेत असे स्पष्ट आले. २०१६ साली नवे नियम झाले. कचरा करणाराने तो रस्त्यावर वा मोकळ्या सार्वजनिक जागी टाकू नये, जाळू नये आणि पुरूही नये, असे त्यांत सांगितले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अल्मित्रा पटेल ह्यांच्या प्रकरणात निकाल दिला. मूळ अर्ज १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात झालेला. म्हणजे निकालापर्यंत वीस वर्षे लोटली. ह्या निकालाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली व भरपाईची रक्कमही ठरविली : साध्या जाळण्यास ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये. मनाईतून कचराभूमीही सुटली नाही. म्हणजे नगरपालिकेच्या डम्पिंगवर आग लागली, तर जाब नगरपालिकेलाच विचारला जाऊ शकतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतील देवनारची कचराभूमी कित्येक दिवस धुमसत होती आणि शहरभर धूर पसरला होता, हे आपणांस आठवत असेल.

ह्याखेरीज फौजदारी कायदा आहेच. हवा आरोग्यास अपायकारक करणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, एक हजार रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. आगीच्या बाबतीत जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला, तर त्याला वेगळी व अधिक कडक शिक्षा आहे.

परदेशांत ह्या बंदीचे आणखी एक रूप दिसते. कॅलिफोर्नियात हवामान पाहून आज शेतातला पाला जाळावयास परवानगी आहे की नाही, हे रोज जाहीर होते. ऑस्ट्रेलियात कोरड्या वादळी दिवशी उघड्यावर चूल पेटविण्यासही मनाई होते. तेथील बंदी दिवसावर अवलंबून. आपल्याकडची कचऱ्यापुरती बारमाही. बारमाही बंदी ऐकावयास कडक वाटते, पण एक अडचण तिच्यात आहे. जी गोष्ट रोजच मना असते, तिची आठवण कोणत्याच एका दिवशी होत नाही.

आता आपल्या तीन शहरांकडे वळू. केंद्र सरकारने २०१९ साली शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. हवेच्या ठरीव मानात न बसणाऱ्या शहरांच्या त्या वेळच्या यादीत उल्हासनगर होते व बदलापूरही होते. दोहोंच्या मध्ये वसलेले अंबरनाथ मात्र यादीत नव्हते! वाऱ्याला ही यादी कोणी वाचून दाखविली नसावी. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा. कारभार तीन, कायदेही दोन, एक १९४९ चा आणि एक १९६५ चा. पण हवा मात्र एकच. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर वर न जाता वस्तीतच पसरतो. अशा वेळी एका गावाच्या हद्दीतला ढीग दुसऱ्या गावातल्या दमेकऱ्याला जागे करतो.

त्यातही नुसती पाने क्वचितच जळतात. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, कपड्यांच्या धंद्यातल्या चिंध्या असतात, सुताराच्या भुशात रंग व रोगण मिसळलेले असते. काही प्लॅस्टिक अर्धवट जळताना डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. धुरातले अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आणि त्या धुराच्या सर्वांत जवळ कोण असतो? तो झाडणारा.

एका सकाळी, कोणत्या गावी ते सांगण्याचे कारण नाही, ढीग पेटविणाऱ्या एका सफाई कामगार बाईंना आम्ही हटकले. आम्हांला वाटले होते की त्या चपापतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, गाडी चार दिवसांनी येते. ढीग ठेवला तर वाऱ्यानं पुन्हा रस्ताभर होतो, आणि मुकादम मला बोलतो. सांगा, ठेवू कुठं?" आम्हांला उत्तर देता आले नाही. दंडाचे पाच हजार त्यांच्याकडून घ्यावेत, असे तेथे उभे राहून कोणीही म्हणू शकला नसता.

बंदीचे खरे यंत्र ह्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तक्रार झाली, स्वच्छता निरीक्षक आले, जागेवर पंचनामा झाला, पावती फाडली, ही तिची शेवटची पायरी होय. पहिली पायरी म्हणजे पाने ठेवावयास जागा. तारेच्या जाळीचा एक पिंजरा बागेच्या कोपऱ्यात उभा करावा; त्यात पाने भरून अधूनमधून पाणी व थोडे शेणाचे कालवण शिंपडावे; काही महिन्यांत खत तयार होते. ह्याला फारसे पैसे लागत नाहीत, जागा मात्र लागते, आणि ती जागा आपल्या सोसायटीच्या आवारात नको असे आपणच सभेत म्हणतो. पानगळीच्या दोन महिन्यांपुरती वेगळी गाडी रोज फिरविणे ही दुसरी पायरी. ती पालिकेने करावयाची. रात्रीचा पहारेकरी थंडीत टायर किंवा खोकी पेटवून शेकतो, त्याला कांबळे व आडोसा देणे ही तिसरी. ती त्याला नोकरीस ठेवणाराने करावयाची. ह्या तिन्ही झाल्यावरही जो कारखानदार वा दुकानदार अंधारात कचरा पेटवील, त्याला पंचवीस हजारांची पावती खुशाल द्यावी. तेथे आमची दयामाया नाही.

एके काळी अंबरनाथच्या विम्को कारखान्यातल्या काड्यापेट्या दूरवर जात. काडी कशी पेटवावी हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. उद्या सकाळी दारापुढे ढीग दिसला, तर झाडणाराला दटावण्याआधी आपण एवढेच विचारावे : "गाडी केव्हा येणार?" त्याचे उत्तर घेऊन मग पालिकेच्या कचेरीत जावे. तक्रार लेखी द्यावी, वार व वेळ घालावी, पोच घ्यावी. धुराविरुद्धची तक्रार पुष्कळ जण करतात. गाडीसाठीची तक्रार फारच थोडे करतात. वसंतात ह्या सभेला येणाऱ्या मंडळींपैकी प्रत्येकाने तसा एकेक अर्ज दिला, तरी पुढच्या पानगळीत ह्या तीन गावांची सकाळ थोडी स्वच्छ उजाडेल.