विश्लेषण : विंचू चावलेला रुग्ण शांत पडून असेल, तर डॉक्टर का धास्तावतात?

महाडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या रुग्णांची लक्षणे पुस्तकातल्या उपचारांना दाद देत नव्हती. एका तरुण डॉक्टरने त्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि लाल विंचवाच्या दंशावरचे उपचारच बदलले. कसे, ते जाणून घेऊ.

समजा, रात्री एकाच वेळी विंचू चावलेले दोन रुग्ण दवाखान्यात आले. एक जण पाय धरून आक्रोश करतोय. दुसरा, आठ-दहा वर्षांचा मुलगा, आईच्या मांडीवर निपचित पडला आहे. दुखतंय का विचारले तर नाही म्हणतो. त्याचे कपाळ घामाने ओले आहे आणि हातपाय बर्फासारखे गार. आधी कोणाकडे धावायचे? कोणालाही पहिला रुग्ण गंभीर वाटेल. कोकणातल्या अनुभवी डॉक्टरांचे पाय मात्र मुलाकडे वळतात. या उलट्या हिशेबामागे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची अनेक वर्षांची निरीक्षणे आहेत.

हे रुग्ण इतके अवघड का होते?

डॉ. बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तिथे सतत येत. काही जण दुखण्याने बेजार होऊनही सुखरूप घरी जात. काही मात्र आधी बरे दिसत आणि काही तासांतच त्यांना धाप लागे, तोंडाला गुलाबी फेस येई आणि डोळ्यांदेखत ते दगावत. त्यात लहान मुले आणि धडधाकट तरुणही असत.

तेव्हाचे प्रचलित उपचार म्हणजे अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅलर्जीविरोधी औषधे, स्टेरॉइड. ते करूनही गंभीर रुग्ण हाती लागत नव्हते. पुस्तकात उत्तर नसल्याने डॉ. बावस्करांनी रुग्णाकडेच पाहायला सुरुवात केली. रात्र-रात्र उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, श्वास यांची वेळेनुसार नोंद ते ठेवू लागले.

नोंदींतून काय दिसले?

रुग्णांचे दोन गट स्पष्ट दिसू लागले. ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना होतात, पण बाकी काही लक्षणे नाहीत, त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. उलट ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, त्याच्या शरीरात विष भिनलेले असते. पुरुष आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठर होणे हेही असेच धोक्याचे लक्षण. संकोचामुळे नातेवाईक ते सांगत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनाच विचारावे लागते, तपासावे लागते. हृदयावरील परिणामांची पूर्वसूचना देणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गावात ‘विंचू उतरवणाऱ्या’ मांत्रिकावर विश्वास का बसतो, याचेही एक उत्तर यात आहे. दंश झालेल्यांपैकी बरेच जण काहीही केले नाही तरी बरे होतात आणि श्रेय मंत्राला मिळते. गंभीर रुग्ण मात्र कण्हत नाही, त्यामुळे ‘उतरला’ असे वाटते आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

शरीरात नेमके काय घडते?

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधल्या सोडियम वाहिन्यांवर काम करते. विजेचे बटण चालू स्थितीत अडकून बसावे, तशी तंतूंची अवस्था होते. अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा शरीरात लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब वाढतो. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. धाप आणि गुलाबी फेस येतो तो त्यामुळे.

घाम आणि लाळ थांबवण्यासाठी दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन इथे घातक ठरते, कारण ते हृदयाची गती आवरणारा उरलासुरला ब्रेकही काढून टाकते.

मग उपाय कसा सापडला?

एमडी झाल्यावर डॉ. बावस्कर शहरात थांबले नाहीत. ते पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आले. वाहिन्या आवळल्याने हृदय थकत असेल, तर वाहिन्या सैल केल्या पाहिजेत, हा त्यांचा तर्क होता. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णाला त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड सलाइनमधून दिले. औषध इतके तीव्र की थोडी मात्रा चुकली तरी रक्तदाब कोसळतो. त्यामुळे रुग्णाजवळून हलता येत नव्हते. पण रुग्ण सावरू लागले.

अतिदक्षता विभाग नसलेल्या प्रत्येक गावात हे शक्य नव्हते. तेच काम करणारी साधी गोळी हवी होती. ती सापडली प्राझोसिनच्या रूपात. उच्च रक्तदाबावरचे हे स्वस्त औषध वाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर बंद करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यांचा प्राझोसिनवरील लेख ‘द लॅन्सेट’ने 1986 मध्ये छापला. गंभीर रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण पूर्वी 40 टक्क्यांपर्यंत जात असे. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर ते एक टक्क्याच्या आसपास आले.

उपचार लागू पडल्याची एक खूणही विलक्षण आहे. हातपाय गरम होतात आणि इतका वेळ गप्प असलेले मूल दंशाची जागा दुखते म्हणून रडू लागते. अशा वेळी ते रडणे ऐकून डॉक्टरांचा जीव भांड्यात पडतो.

आज काय उपचार होतात?

आता विंचूदंशावरची प्रतिविषाची लसही उपलब्ध आहे. महाडमध्ये 70 रुग्णांवर झालेली चाचणी ‘बीएमजे’ने 2011 मध्ये प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी 8 तासांत बरे झाले, तर फक्त प्राझोसिन दिलेल्यांना सुमारे 18 तास लागले. प्रतिविष लवकर दिले तरच त्याचा पुरेपूर फायदा होतो. डॉ. बावस्कर यांना 2022 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

विंचू चावल्यास काय कराल?

• दंशाची वेळ लक्षात ठेवा आणि रुग्णाला थेट जवळच्या आरोग्य केंद्रात न्या किंवा 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.
• जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका.
• प्राझोसिन स्वतःच्या मनाने देऊ नका. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. मूल रडते म्हणून त्याला उचलून उभे धरू नका.
• उलटी, घाम, गार हातपाय किंवा लिंगाचा ताठरपणा दिसला, तर न लाजता डॉक्टरांना सांगा.
• विंचू लहान होता म्हणून निर्धास्त राहू नका. मोठी काळी इंगळी दिसायला भीतीदायक असली तरी तिच्या दंशात सहसा वेदनाच जास्त असतात. जीव घेतो तो लहानसा लाल विंचू.
• सरपण, कौले, पेंढा उचलताना आणि चपला-बूट घालताना आधी झटका, नीट पाहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल दुखत नाही म्हणाले, म्हणून त्याला वाटेतून घरी परत नेऊ नका. विंचूदंशात दुखणे थांबले म्हणजे धोका टळला, असे नसते.