दोन विजांचा आश्रित

१९८२ साली ५९५ डॉलर किमतीला अमेरिकेच्या बाजारात आलेला ‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक आजही पुष्कळ शौकिनांच्या टेबलावर चालू स्थितीत आढळतो. परंतु त्याला वीज पुरविणारा जो मूळ काळा ठोकळा, विटेएवढा जड आणि विटेइतकाच अबोल, जमिनीवर पडलेला असतो, तोच त्या यंत्राचा खरा वैरी आहे, ही गोष्ट ‘अस्सल’ वस्तूंविषयी भक्तिभाव बाळगणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

या ठोकळ्यात एक रोहित्र आणि विजेचा दाब ५ व्होल्टवर राखणारा एक नियामक, असे दोघे एपॉक्सीच्या राळेत कायमचे पुरलेले असतात. वरून जास्त आलेला दाब उष्णतेच्या रूपाने उधळून टाकणे एवढीच या नियामकाची रीत. ती उष्णता राळेतून लवकर बाहेर पडत नाही, आणि वर्षानुवर्षे स्वतःच्याच आचेत शिजलेला हा कारभारी अखेर जेव्हा दगा देतो, तेव्हा पुष्कळदा वीज तोडून नव्हे, तर वाढवून देतो. मग ५ व्होल्टच्या हिशेबाने घडविलेल्या स्मृतीच्या चिपा जळतात, आणि ठोकळा फोडल्यावाचून दुरुस्तीची सोय नसल्याने फिर्याद तरी कोणापुढे न्यावी?

तेव्हा नवा पुरवठा जोडावा हे ओघानेच आले. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून लागेल तेवढीच वीज घेणारा आजचा स्विचिंग पुरवठा थंड राहतो, आणि ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा नग या कामी मुबलक होतो. परंतु खरी मेख पुढेच आहे. या संगणकाला ५ व्होल्टच्या दिष्ट धारेबरोबर ९ व्होल्टची प्रत्यावर्ती धाराही लागते, आणि ती बाजारातला नेहमीचा स्विचिंग पुरवठा देतच नाही. नुसते ५ व्होल्ट दिले तर लाल दिवा ऐटीत लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. कारण सुरुवातीच्या यंत्रांत चित्राच्या आणि ध्वनीच्या चिपांना लागणारे १२ व्होल्ट याच प्रत्यावर्ती धारेतून आत तयार होतात, कॅसेटयंत्राची मोटर तिच्यावर फिरते, आणि आतली घड्याळे तिची सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने मोजून वेळ राखतात.

म्हणून शहाणी तजवीज अशी, की नव्या पुरवठ्याशेजारी ९ व्होल्ट, १ अँपिअरचे एक लहानसे रोहित्र, योग्य फ्यूजसह, त्याच बंद पेटीत बसवावे आणि दोघांच्या तारा सात पिनांच्या गोल डिन प्लगात आणाव्यात. ५ व्होल्टच्या वाटेवर, दाब साडेपाचांच्या वर जाताच रिले सोडून वीज तोडणारा पहारेकरी बसविणे अगत्याचे. तारही जाड हवी: जाण्यायेण्याचा रोध अवघा ०.२ ओहम असला, तरी दीड अँपिअर वाहताना ०.३ व्होल्ट वाटेतच गळतात. खातरजमा मल्टिमीटरने करावी, पण रिकाम्या प्लगावर केलेले मोजमाप फसवे असते. आधी भार म्हणून एखादा रोधक जोडावा, आणि संगणकाची पाळी त्यानंतर. (पेटीत २३० व्होल्ट खेळत असतात, तेव्हा हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे.)

एवढे झाल्यावरही लाल दिव्याने हुरळून जाऊ नये. निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याची वर्दी उमटली, म्हणजे दोन्ही विजा पोहोचल्या.