परतीच्या पत्त्यावरून माग

बँकेच्या प्रणालीत खात्यातून रक्कम वजा करणारी मेथड एकच असते, पण तिला कॉल करणारी ठिकाणं वीस असतात: एटीएम, कर्जाचा हप्ता, धनादेश, दंड. एका रात्री तिच्याकडे उणे रक्कम येते आणि वजाबाकीऐवजी खात्यात पैसे जमा होतात. मेथडचं गणित बरोबर आहे. चुकलं ते तिला कॉल करणाऱ्याचं. पण तो कोण? जावा या भाषेत धावत्या प्रोग्रॅमला हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरात क्लास, मेथड, अगदी ओळीचा क्रमांकही मिळतो. सोय इतकी हाताशी आहे की तिचा भलताच उपयोग करण्याचा मोह होतो. या उत्तरावर तपास करावा, प्रोग्रॅमचे निर्णय मात्र त्यावर सोपवू नयेत. असं का, हे उत्तर येतं कुठून ते पाहिलं की कळतं.

खरं तर ‘मला कोणी बोलावलं’ याची नोंद यंत्र ठेवतच नाही. ते ठेवतं काम उरकल्यावर कुठे परतायचं याची नोंद. ॲलन ट्युरिंगने १९४६ साली सादर केलेल्या ‘एस’ या संगणकाच्या आराखड्यात ही कल्पना आहे. परतीचा पत्ता ठेवण्याला त्याने ‘पुरणं’ आणि तो परत काढण्याला ‘उकरणं’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. आज आपण तिला स्टॅक म्हणतो, म्हणजे चळत. पंगतीच्या ताटांसारखीच: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. प्रत्येक कॉलबरोबर चळतीवर एक ताट चढतं, मेथड संपली की उतरतं. तेव्हा ‘जिथे परतायचंय तिथूनच आलो असणार’ हा आपण काढलेला तर्क असतो. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो, पण तर्क तो तर्कच.

जावात सुरुवातीला हा माग काढणं म्हणजे एररचा छापील मजकूर चाळून त्यातून नाव शोधणं होतं. २००२ साली आलेल्या १.४ या आवृत्तीने चळतीतल्या प्रत्येक पायरीची नीट वाचता येईल अशी यादी दिली, आणि २००४च्या जावा ५ मध्ये चालू थ्रेडकडूनच ती मागता येऊ लागली. यादीत शून्याव्या जागी यादी मागणारी मेथड, पहिल्या जागी आपण, दुसऱ्या जागी आपल्याला कॉल करणारा. म्हणून लोक बिनदिक्कत ‘दोन’ लिहून मोकळे होतात. अँड्रॉइडच्या जुन्या डाल्विक यंत्रणेत मात्र वर एक पायरी जास्त असायची, आणि तोच ‘दोन’ स्वतःचंच नाव सांगायचा. २०१७ साली जावा ९ ने स्टॅकवॉकर आणला. तो सगळी चळत उतरवून ठेवत नाही, हवी तेवढीच ताटं पाहतो; रिफ्लेक्शनच्या मधल्या पायऱ्याही आपण होऊन झाकतो. तपास स्वस्त झाला, पण तर्काचा पाया तोच राहिला.

हा पाया कुठे खचतो? लॅम्डा वापरलं तर कंपायलरने स्वतः रचलेलं, कोणत्याही माणसाने न लिहिलेलं नाव समोर येतं. स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क मध्ये प्रॉक्सी घालतात. काही परिस्थितीत यंत्रणेने पायऱ्या गाळल्या तरी चालेल, असं जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. अशा साक्षीदाराची जबानी तपासाला उपयोगी पडते, पण ‘कॉल अमुक क्लासकडून आला तरच परवानगी द्या’ अशी अट तिच्यावर बेतली, तर कोणी त्या क्लासचं नाव बदललं त्या दिवशी ती मोडते, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

यावर जाणकार म्हणतील की जावा स्वतः तेच करते. नावावरून क्लास लोड करणारी ‘फॉरनेम’ मेथड कोणाचा लोडर वापरायचा हे कॉल करणाऱ्या क्लासवरूनच ठरवते. आक्षेप बिनतोड वाटतो, पण ती मेथड नावाची अक्षरं ताडून पाहत नाही, प्रत्यक्ष क्लास पाहते, आणि त्याची हमी यंत्रणा देते. तरीही अशा मेथडांची हाताने सांभाळलेली यादी धोक्याची वाटल्याने जावा ८ मध्ये त्यांच्यावर खास खूण करण्याची पद्धत आणावी लागली. जावा घडवणाऱ्यांनाच इतकी काळजी घ्यावी लागत असेल, तर आपल्या बिलिंग मॉड्यूलने या वाटेला न गेलेलं बरं. दुसरा आक्षेप असा की डिबगर असताना हा खटाटोप कशाला. चालू सर्व्हरवर ब्रेकपॉइंट लावला की ग्राहकांचे व्यवहारही तिथेच थबकतात, म्हणून.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. लॉगच्या प्रत्येक ओळीत कॉल करणाऱ्याचं नाव छापायचं ठरवलं तर प्रत्येक ओळीसाठी चळत धुंडाळावी लागते. लॉगफोरजे ही लॉग लिहिणारी लायब्ररी त्याबद्दल स्पष्ट इशारा देते. बँकेच्या उदाहरणात रोजच्या लाखो व्यवहारांना हात लावायची गरजच नाही. रक्कम उणे आली तेवढ्याच वेळी चळत टिपली की पुरे. काम थ्रेड पूलकडे सोपवलेलं असेल तर तेही पुरत नाही, कारण पूलमधल्या थ्रेडची चळत त्या थ्रेडपासूनच सुरू होते आणि काम सोपवणारा तिच्यात नसतोच. तिथे व्यवहाराचा क्रमांक सोपवतानाच कामाबरोबर धाडावा लागतो आणि लॉगमध्ये दोन्हीकडे छापावा लागतो.