गोफणीतला खडा आणि खिशातला फोन

वर्धा जिल्ह्यात ज्वारीची शेते आता पूर्वीइतकी दिसत नाहीत. कापूस, सोयाबीन आणि तूर यांनी त्यांची बरीचशी जागा घेतली आहे. तरीही जेथे ज्वारी पेरतात, तेथे पीक दाण्यावर आले म्हणजे शेतात माळा उभा राहतो आणि पाखरे हाकलण्यासाठी राखणदार त्यावर चढून गोफण फिरवू लागतो. हे दृश्य ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. गोफण डोक्याभोवती गरगर फिरत असते, तोपर्यंत तिच्या झोळीतला खडा खाली पडत नाही. चिमटीतली दोरी सोडताच मात्र तो सुटतो, आणि सुटल्यावर राखणदाराभोवती आणखी एक फेरी घालीत बसत नाही. त्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता, त्याच दिशेने सरळ निघून जातो.

मोठ्या शहरांजवळच्या मनोरंजन-उद्यानांत 'रोलर कोस्टर' नावाची एक विलक्षण गाडी असते. तिच्या दाराशी एक नियम लिहिलेला असतो आणि तो नियम समजून घ्यावयाचा, तर आरंभ या गोफणीपासूनच करणे सोयीचे होईल. नियम असा, की गाडीत बसणाऱ्याने आपल्याजवळची कोणतीही सुटी वस्तू बरोबर नेऊ नये. फोन, टोपी, रंगीत चष्मा, पाकीट, किल्ल्या, गळ्यातली ओढणी, सैल चपला, सारे काही मागे ठेवावे लागते. लांबचा प्रवास करून सहलीला आलेल्या मुलाला हा नियम जाचक वाटतो. घरी दाखवण्यासाठी चित्रफीत काढावी, हीच तर त्याची हौस असते. आणि नेमका तोच फोन दाराशी काढून घेतला जातो!

आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यात, मुंबई-पुणे मार्गावर खोपोलीजवळ 'इमॅजिका' नावाचे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेथील 'नायट्रो' ही गाडी सुमारे ४० मीटर उंच चढते आणि उतरताना तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. तिच्या मार्गात पाच ठिकाणी माणसे उलटी होतात. या गाडीला तळ नाही. प्रवाशाच्या खांद्यांवरून येणारा भक्कम आडणा त्याला आसनाशी जखडून ठेवतो. पाय मात्र मोकळ्या हवेत लोंबकळत राहतात. अशा गाडीत सैल चप्पल पायात राहील, ही आशाच करू नये.

या गाडीला इंजिन नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या चढावर एक साखळी तिला ओढून नेते. माथ्यावर पोहोचताच साखळीचे काम संपते आणि पुढचा सारा प्रवास पृथ्वीच्या ओढीवर होतो. जेवढी उंची कमवावी, तेवढाच वेग पदरात पडावा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ कोनी बेटावर १८८४ साली अशी एक गाडी सुरू झाली होती. तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या जवळपास होता. बैलगाडीहून थोडी अधिक वेगाने जाणाऱ्या त्या गाडीत एखाद्या गृहस्थाची टोपी पडली असती, तरी कोणाचे फारसे बिघडले नसते. पुढे चढ उंच होत गेले, वेग वाढला आणि टोपीचा प्रश्न गंभीर झाला.

आता एक प्रश्न विचारून पाहावा. गाडी उलटी होते तेव्हा खिशातली वस्तू पडते, की सुलटी असते तेव्हा? बहुतेक जण चटकन म्हणतील, 'उलटी होते तेव्हा!' परंतु वेगाने उभे वर्तुळ घेणाऱ्या गाडीत खरा प्रकार बहुधा उलट असतो. पाण्याने अर्धी भरलेली बादली हातात धरून जोराने उभी गोल फिरवली, तर ती डोक्यावर उलटी होऊनही पाणी सांडत नाही. पाण्याला सरळ जावयाचे असते. बादलीचा तळ त्याला सारखा आत वळवीत असतो. म्हणून पाणी तळाशी दाबले जाते. गोफणीतल्या खड्याची हीच स्थिती आहे. वर्तुळ वेगाने घेणाऱ्या गाडीतही माणूस आसनात घट्ट दाबला जातो आणि त्याच्या मांडीवरची वस्तूही मांडीवरच राहू पाहते. काही गाड्या सावकाश पालथ्या होतात. त्यांची गोष्ट वेगळी. तेथे खिसे खरोखरच रिकामे होतात.

खरी फसगत होते ती उंचवट्यावर. एस. टी. बसच्या अगदी मागच्या बाकावर बसून खेड्यातल्या रस्त्याने जो गेला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. बस वेगात असताना चाक उंचवट्यावरून गेले, की मागचे प्रवासी क्षणभर बाकावरून वर उचलले जातात. बस खाली वळते, परंतु माणसाचे शरीर मात्र आधीच्याच दिशेने वर चाललेले असते. रोलर कोस्टर बांधणारे अभियंते असे उंचवटे हेतुपुरस्सर घालतात, कारण पोटात गोळा येण्याची ती गंमत लोकांना हवी असते. अमेरिकेतील ओहायो राज्यात 'सीडर पॉइंट' उद्यानात २०१८ साली 'स्टील व्हेन्जन्स' नावाची गाडी सुरू झाली. तिच्या एका फेरीत माणूस सगळे मिळून सुमारे २७ सेकंद आसनावरून उचललेल्या स्थितीत असतो. त्या क्षणी माणसाला पट्टा आणि आडणा धरून ठेवतात. फोनला कोण धरणार? तो खिशातून अलगद वर येतो, जणू पाण्यातून बूड निघावे तसा, आणि गाडी त्याच्या खालून निघून जाते.

निघून जाते, असे आपण म्हणतो. परंतु फोन काही जागच्या जागी थांबत नाही. सुटताना गाडीचा जो वेग असतो, तोच त्याचाही असतो. म्हणून तो नुसता पडत नाही, गोफणीतल्या खड्यासारखा फेकला जातो. स्पेनमधील 'पोर्ट अव्हेंचुरा' उद्यानात 'शांभाला' नावाची ७६ मीटर उंचीची गाडी आहे. २०१९ साली तिच्यात पुढे बसलेल्या एका अनोळखी प्रवाशाचा फोन उतारावर उडाला. मागच्या रांगेत न्यूझीलंडचा एक प्रवासी बसला होता. त्याने हात पुढे केला आणि तो फोन हवेतच झेलला! ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि सर्वांनी त्याच्या हाताचे कौतुक केले. कौतुक करण्यासारखीच गोष्ट होती. पण हात चार बोटे बाजूला राहिला असता, तर तो फोन एखाद्याच्या तोंडावर आदळला असता, हेही त्या चित्रफितीत तितकेच स्पष्ट दिसते.

आदळला असता म्हणजे किती जोराने? हा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येईल. फोनचे वजन साधारण २०० ग्रॅम धरू आणि उंची ४० मीटर धरू. वरून खाली येणाऱ्या वस्तूचा तडाखा तिचे वजन आणि उंची यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो. हवेचा अडथळा सोडून दिला, तर २०० ग्रॅमचा फोन ४० मीटरवरून पडणे आणि किराणा दुकानातले २ किलोचे लोखंडी वजन ४ मीटरवरून, म्हणजे घराच्या गच्चीवरून पडणे, ही दोन्ही सारखीच. अशा गच्चीखाली कोणी उभा राहील काय? क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो आणि तो येणार हे ठाऊक असूनही फलंदाज पॅड बांधतो, शिरस्त्राण घालतो. फोन त्याहून जड, वर त्याला काचेचे आणि धातूचे कोपरे. आणि खाली रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो येणार आहे याची कल्पनाही नसते.

माणसाला लागले नाही, तरी प्रश्न संपत नाही. वस्तू रुळावर किंवा यंत्रात अडकू शकते. ती दिसली, तर कर्मचाऱ्यांना गाडी थांबवून आधी मार्ग मोकळा करावा लागतो आणि तासभर उन्हात उभी असलेली रांग तशीच उभी राहते. एकाच्या टोपीपायी शंभरांचा खोळंबा होतो. याहून वाईट असते ते वस्तू आपणच परत आणण्याचा मोह. रुळाखालची जमीन कुंपण घालून बंद केलेली असते, कारण काही गाड्यांत आसने रुळाखाली टांगलेली असतात आणि प्रवाशांचे पाय जमिनीपासून थोड्याच अंतरावरून वेगाने जातात. २०१५ साली सीडर पॉइंट येथेच गाडीत पडलेली आपली वस्तू शोधण्यासाठी एक प्रौढ गृहस्थ असे कुंपण ओलांडून आत गेले. गाडीची धडक बसून ते जागीच मरण पावले. वस्तू बाजारात पुन्हा मिळण्यासारखी होती.

यावरून एवढे ध्यानात येईल, की 'वस्तू हरवल्यास आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी टांगून भागत नाही. ती पाटी फक्त वस्तूच्या मालकाशी बोलते; खाली उभ्या असलेल्या माणसाचा तीत उल्लेखच नाही. नियम कोठे लागू करावा, यालाही महत्त्व आहे. गाडीत बसताना 'फोन ठेवा' म्हटले, तर प्रत्येक जण खिसे चाचपू लागतो, कोणी 'मी घट्ट धरीन' म्हणून वाद घालतो आणि कोणी हळूच लपवतो. म्हणून स्टील व्हेन्जन्सवर २०१८ साली फोन रांगेतच आणू नये, असा नियम करण्यात आला. अमेरिकेतीलच फ्लोरिडा राज्यात 'युनिव्हर्सल'च्या उद्यानांत काही गाड्यांच्या वाटेवर विमानतळासारखे धातुशोधक दरवाजे बसवले आहेत आणि शेजारी वस्तू ठेवण्यासाठी विनामूल्य कप्पे आहेत. हा शेवटचा भाग न्यायाचा आहे. ज्या कुटुंबाने कापसाच्या चुकाऱ्यातून पैसे बाजूला काढून घरातला एकुलता एक फोन घेतला, त्याला 'तो बाहेर ठेवा' असे सांगणाऱ्याने तो कोठे ठेवावा, हेही सांगितले पाहिजे. आणि त्या ठेवण्याचे भाडे मागू नये. जाड भिंगाच्या चष्म्यावाचून ज्या मुलाला पुढचे दिसतच नाही, त्याचाही विचार झाला पाहिजे. डोक्यामागे घट्ट बांधावयाची पट्टी त्याच्यासाठी पुरेशी असते.

वर्धा जिल्ह्यात रोलर कोस्टर नाही. येथील मुलांची गाठ पडते ती जत्रेतल्या आकाशपाळण्याशी. पाळण्याचा वेग थोडा, म्हणून लोक निर्धास्त असतात. शिवाय तेथे कप्पे नसतात आणि 'फोन ठेवा' म्हणणाराही बहुधा नसतो. परंतु पाळणा माथ्यावर थांबला, की साऱ्या जत्रेचे दिवे दिसतात आणि प्रत्येकाचा हात खिशाकडे जातो. पाळण्याच्या कडेबाहेर हात काढून चित्र घेताना फोन निसटला, तर खाली फुगेवाला असतो, खेळण्यांची दुकाने असतात, कडेवर मूल घेऊन उभी असलेली आई असते. उंची १५ मीटर असली, तरी वरचाच हिशेब पुन्हा मांडता येतो : २०० ग्रॅम आणि १५ मीटर, म्हणजे १ किलोचे वजन ३ मीटरवरून. ओढणीचे भय निराळेच. ती उडून फिरत्या चाकात अडकली, तर वस्तूबरोबर माणूसही ओढला जातो. म्हणून ती कमरेला खोचून गाठ मारावी लागते. जुन्या बायका जत्रेला निघताना पैसे पदराच्या गाठीत बांधत आणि पुरुष कमरेला कसा बांधत. त्यांनी रोलर कोस्टर पाहिलेला नव्हता. चोरांचे भय मात्र त्यांना होते. उपाय दोन्ही संकटांना सारखाच लागू पडला.

कप्प्यांची सोय झाली, तेव्हा उद्यानांपुढे एक गमतीची अडचण उभी राहिली. कप्प्याला कुलूप लावले म्हणजे किल्ली आली. आणि किल्ली हीसुद्धा सुटी वस्तूच! ती खिशात घालून माणूस गाडीत बसला, तर फोनऐवजी किल्ली उडणार. म्हणून कोठे ती ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यात ओवून मनगटावर घालावयास देतात, तर कोठे किल्लीच नसते. आकड्यांची खूण लक्षात ठेवावी लागते. उलटेपालटे होऊन, घसा बसेपर्यंत ओरडून खाली उतरलेली मुले मग कप्प्यासमोर उभी राहून तो आकडा आठवीत असतात.