पी१६ रंगले म्हणजे विषाणू सापडला का?

बायोप्सीत मिळालेल्या तुकड्याचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचेवर चढवतात आणि त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे सोडतात. ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकीचा भाग निळसर राहतो. ‘पी१६ पॉझिटिव्ह’, ‘पी५३ पॉझिटिव्ह’ हे रिपोर्टातले शेरे या रंगावरून येतात. गर्भाशयमुखाच्या गाठीत पी१६ सगळीकडे गडद रंगले, तर मागे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, असणार असे पॅथॉलॉजिस्ट सहसा धरून चालतात. फुप्फुसाच्या गाठीत मात्र तसे धरता येत नाही.

मुळात पी५३चा शोधच विषाणूमुळे लागला. माकडांमधल्या एसव्ही४० या विषाणूचा अभ्यास चालू असताना, १९७९ साली, त्याच्या प्रथिनाला बिलगलेले पेशीचे एक प्रथिन डेव्हिड लेन, अर्नोल्ड लेव्हिन आणि इतर संशोधकांना आढळले. बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारे हेच ते पी५३. एचपीव्ही त्याच्यावरच घाला घालतो. विषाणूचे ई६ हे प्रथिन पी५३चा नाश घडवून आणते आणि ई७ हे ‘आरबी’ नावाच्या दुसऱ्या रखवालदार प्रथिनाला निकामी करते. पी१६चे काम आरबीमार्फत पेशीचे विभाजन थांबवण्याचे. आरबीच गेल्यावर पेशी पी१६ भरमसाट तयार करते, पण उपयोग शून्य: ब्रेकची तार तुटल्यावर पाय कितीही जोरात दाबला तरी गाडी थांबत नाही. काचेवरचा गडद तपकिरी रंग हा त्या वाया गेलेल्या पी१६चा असतो.

पण आरबी निकामी व्हायला विषाणूच लागतो असे नाही. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात आरबीचे जनुक बहुतेक वेळा नष्ट झालेले असते, म्हणून तिथे विषाणू नसतानाही पी१६ गडद रंगते. पी५३ची गोष्ट तर अगदी उलटी. एचपीव्हीच्या गाठीत ते नाश पावत असल्याने सहसा फिके दिसते. तंबाखूच्या धुरातली बेन्झोपायरीनसारखी रसायने मात्र पी५३चे जनुकच बिघडवतात. त्यातून बनणारे सदोष प्रथिन अनेकदा पेशीत साचते आणि गडद रंगते. फुप्फुसाच्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या, कर्करोगात पाचपैकी सुमारे चार गाठींत हे जनुक बिघडलेले असते.

फुप्फुसाच्या कर्करोगात एचपीव्हीचा हात असावा, ही शंका फिनलंडचे कारी सिर्यानेन यांनी १९७९ साली मांडली. २००१ साली तैवानमधल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक गाठींत एचपीव्हीचा डीएनए आढळला आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा संबंध ठळक दिसला. युरोप-अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत मात्र हा डीएनए क्वचितच सापडला. अतिसंवेदनशील चाचणीला विषाणूचा कणभर अंशही पुरतो, आणि तो अंश बाहेरून मिसळलेलाही असू शकतो. म्हणून डीएनए सापडला एवढ्यावर भागत नाही. ई६ आणि ई७ बनवण्याचा संदेश, म्हणजे आरएनए, गाठीच्या पेशींत दिसला तरच विषाणू तिथे खरोखर काम करत आहे असे म्हणता येते.

मग फुप्फुसात पी१६ तपासायचे कशाला? आधी गर्भाशयमुखाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात नवी स्क्वॅमस गाठ दिसली, तर ती जुन्या रोगाचा प्रसार आहे की फुप्फुसातच उगवलेला नवा कर्करोग, हे ठरवावे लागते. उपचारांची सगळी दिशा त्यावर ठरते. तिथे पी१६ आणि त्याच्या जोडीला एचपीव्हीची थेट चाचणी मोलाची ठरते.

एचपीव्ही मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. त्यामुळे पी१६चा शेरा वाचून कुणी परस्पर निष्कर्ष काढला, तर आधीच खचलेल्या घरात नाहक संशयाची भर पडते. रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरांना एवढेच विचारावे: ही चाचणी नेमकी कशासाठी केली होती आणि विषाणूची वेगळी तपासणी झाली आहे का?