पाण्याचा वाटा आणि शाश्वत विकास

शाश्वत विकास हा शब्दप्रयोग आज शालेय पाठ्यपुस्तकांपासून शासकीय अहवालांपर्यंत सर्वत्र आढळतो. भावी पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास, ही त्याची व्याख्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ साली ती मांडली. मात्र त्याच आयोगाने तिला जोडून असेही नमूद केले होते की, गरजांचा विचार करताना जगातील गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वोच्च प्राधान्य द्यावे. व्याख्या पाठ करताना हा उत्तरार्ध बहुधा गळून पडतो. तो गळला की आर्थिक वाढ आणि निसर्ग यांच्या समतोलाची चर्चा उरते. ही वाढ कोणाच्या पदरात पडली, हा प्रश्न मागे राहतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न पाण्याच्या रूपाने उभा आहे. लागवडीखालील क्षेत्राचा अल्प हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. अडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. उसाने कारखाने उभे राहिले, रस्ते झाले, अनेक गावांत समृद्धी आली, हे नाकारता येणार नाही. पण त्याच राज्यातील बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. एकीकडे भूजल खोल जाते, दुसरीकडे माणसे घर सोडतात. निसर्गाची हानी आणि माणसाची हानी येथे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

यावर उपाय शोधणारा एक प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, पर्जन्यछायेतील नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली. बांधबंदिस्ती करून, पावसाचे पाणी अडवून व जिरवून त्यांनी ती लागवडीखाली आणली. पुढे या कामातून पाणी पंचायत ही चळवळ उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण मूलगामी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा राहील. ऊस लावता येणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलावा.

या नियमांचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. उसावरील बंदी ही प्रगतीला विरोध नव्हे. एक एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात ज्वारीसारखे हंगामी पीक तीन-चार एकर सहज निघते. म्हणजे तेवढ्याच पाण्यावर अधिक घरांची चूल पेटते. वापराला मर्यादा असल्याने पाण्याचा उपसाही आटोक्यात राहतो. भूमिहीनाचा वाटा मान्य करताच पाणी ही जमीनमालकाची मालमत्ता राहत नाही, ती समाजाची ठेव होते. पर्यावरणरक्षण आणि समता येथे एकाच नियमातून साधतात. हे नियम राज्यभर रुजले नाहीत, याचे कारण त्यांत दोष होता असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्याकडे अधिक जमीन, त्यांना अधिक पाणी, ही रूढ व्यवस्था सोडणे समाजाला जड गेले.

या विचाराचे मूळ आम्हांस आपल्या इतिहासात दिसते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा समान हक्क आहे हेच त्यांनी सिद्ध केले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या कक्षेत होते. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी त्याच काळात झाली. पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र विचार करावा, पाणी ही लोकांची संपत्ती मानून ते साठवावे, ही त्यांची भूमिका होती. विकास त्यांना हवाच होता. दारिद्र्य हे भूषण त्यांनी कधीच मानले नाही. मात्र विकासाची फळे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावीत, हा त्यांचा आग्रह होता.

आपल्या निवासी शाळांतील कित्येक मुलामुलींचे आईवडील आज कोणाच्या तरी फडात ऊस तोडत असतील. या मुलांतून उद्या अभियंते, तलाठी, कृषी अधिकारी आणि सरपंच घडतील. कोणत्याही योजनेचा कागद समोर आला की त्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हे पाणी पुढच्या पिढीला उरेल काय? आणि ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला यात वाटा आहे काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच त्या विकासाला शाश्वत म्हणावे.