शिकारीचं रान, अभयाचं रान

अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता रेवदंड्याची खाडी ओलांडतो आणि मग बराच वेळ समुद्राच्या कडेकडेने जातो. उजव्या हाताला काशीदची पांढरी वाळू, सुरूची झाडं, नारळ-पोफळीच्या वाड्या. गाडीतली सगळी माणसं उजवीकडे बघत असतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण डाव्या हाताला जो हिरवा डोंगर सोबतीला चाललेला असतो, त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. तो डोंगर म्हणजे फणसाडचं अभयारण्य. समुद्राच्या इतक्या जवळ इतकं दाट जंगल आपल्या किनाऱ्यावर आता फारसं उरलेलं नाही.

हे जंगल टिकलं कसं, याचं उत्तर थोडं अवघडच आहे. हे रान टिकलं ते शिकारीसाठी. जंजिऱ्याचं संस्थान १९४८ साली विलीन झालं. त्याआधी इथे सिद्दी नवाबांचं राज्य होतं आणि हा डोंगर त्यांचं राखीव शिकारीचं रान होता. शिकार हवी तर जनावरं हवीत, जनावरं हवीत तर झाडं आणि पाणी हवं. म्हणून झाडांवर इतरांच्या कुऱ्हाडी सहज चालल्या नाहीत. पुढे १९८६ साली शासनाने या रानाला अभयारण्य म्हणून जाहीर केलं. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेलं हे क्षेत्र ५० चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. एका माणसाच्या शौकासाठी राखलेली गोष्ट पुढे सगळ्यांच्या कामी आली.

फणसाडमध्ये गेलात तर एक शब्द तुमच्या कानावर पडेल. तिथल्या नैसर्गिक पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण, धरणगाण अशी त्यांची नावं. कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला हा शब्द ऐकून जे सुचायचं ते मलाही सुचलं. पण सोबतच्या वाटाड्याने माझं कौतुक फार चालू दिलं नाही. तो म्हणाला, “साहेब, एप्रिलात या. तेव्हा कळेल गाण म्हणजे काय ते.”

त्याचं म्हणणं समजून घ्यायला कोकणचा पाऊस समजून घ्यावा लागतो. चार महिन्यांत इथे तीन-तीन हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. पण डोंगर आणि समुद्र यांत अंतर थोडं. उतार तीव्र, नद्या आखूड. उघड्या डोंगरावर पडलेलं पाणी बघता बघता खाडीला मिळतं, आणि मार्च उजाडला की त्याच गावांत बायकांच्या डोक्यावर हंडे दिसतात. जंगल असलं की पाण्याची वाट बदलते. सरीचा मार आधी पानं झेलतात. खाली कुजलेल्या पाचोळ्याचा थर ते पाणी अंगात घेतो. मुळांनी केलेल्या भेगांतून ते सावकाश जमिनीत उतरतं आणि पुढे महिनोन्महिने कुठल्यातरी घळीत पाझरत राहतं. तो पाझर म्हणजे गाण. जंगलाने पावसाळ्यात केलेली बचत जनावरं उन्हाळ्यात खातात. माणसांचंही तेच. मुरूडला पाणी देणारं गारंबीचं धरण नवाबांच्या काळात याच डोंगररांगेत बांधलं गेलं. नळ सोडताना आपल्याला डोंगर आठवत नाही, एवढाच काय तो फरक.

उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि जनावराला तिथे यावंच लागतं. शिकाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. पूर्वी पाणवठ्याजवळ मचाण बांधत ते यासाठीच. तहानलेलं जनावर मान खाली घालून पाणी पीत असतं, तेव्हाच त्याच्यावर नेम धरायचा. आजही वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं असतात, पण त्यावर वनखात्याची माणसं आणि निसर्गप्रेमी वही-पेन्सिल घेऊन बसतात आणि चांदण्यात आलेल्या जनावरांची नोंद करतात. एका वर्षी मीही असा बसलो होतो. मध्यरात्रीनंतर एक सांबर आलं. ते सरळ पाण्यावर गेलं नाही. झाडांच्या कडेला कितीतरी वेळ उभं राहिलं, कान फिरवत राहिलं. मग दोन पावलं पुढे, पुन्हा थांबलं. इथे बिबट्या आहे, तेव्हा त्याने सावध असायलाच हवं. शेवटी ते पाणी प्यायलं आणि गेलं. आम्ही वहीत एक रेघ ओढली. तेच मचाण, तीच तहान. हातातली वस्तू तेवढी बदलली होती.

दिवसा फिरणाऱ्याला मोठी जनावरं क्वचितच दिसतात. म्हणून झाडं बघावीत. ७००च्या आसपास वनस्पतींची इथे नोंद आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, सावर ही ओळखीची मंडळी. या सगळ्यांत लक्ष वेधून घेते ती गारंबी. माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची ही वेल पीळ घालत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते. तिची शेंग मीटरभराहून लांब असते. आतल्या बिया तपकिरी, चपट्या आणि टणक. या बिया पाण्यावर तरंगतात. ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जातात आणि महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहूनही परक्या किनाऱ्यावर रुजू शकतात. म्हणूनच ही वेल जशी आपल्याकडे आहे तशी आफ्रिकेच्या पूर्व भागातही आहे. या रानाचे जुने धनी सिद्दी, त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतूनच समुद्रमार्गे आले. जंजिरा हा शब्दही अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आलेला. इथे माणसं, शब्द आणि बिया एकाच समुद्राने आणून सोडल्या आहेत.

मान वर करून चाललात तर शेकरू दिसेल. ही मोठी खार म्हणजे आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. ती जमिनीवर फारशी उतरत नाही. तिचा सगळा रस्ता वरच्या वर, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर. त्यामुळे जंगल नुसतं असून तिला पुरत नाही, ते वरून सलग असावं लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा इथलीही असंख्य झाडं पडली. आपल्याला वाटतं, पुन्हा उगवतील. उगवतील, पण एवढा शेंडा व्हायला काही दशकं जातील. तोवर शेकरूचा रस्ता तिथे तुटलेला राहील.

उंच झाडांची अशीच गरज पांढऱ्या पाठीच्या गिधाडांनाही असते. रायगडच्या या पट्ट्यात त्यांची घरटी आहेत. गुरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने देशभरातली गिधाडं मेली. असं औषध दिलेलं ढोर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००४ साली हे कारण सिद्ध झालं आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेली संख्या भरून यायला वेळ लागणारच. अभयारण्याला हद्द असते. गोठ्यात टोचलेलं औषध ती हद्द ओलांडून येतं.

‘अभयारण्य’ या शब्दात अरण्याच्या आधी अभय आहे. आमच्या घरच्या बोलीत त्याला ‘अमान’ म्हणतात. हजला गेलेला माणूस एहराममध्ये असताना शिकार करू शकत नाही, आणि कोकणातल्या देवराईत वाळली काटकी उचलतानाही हात अडखळतो. माणसाने स्वतःच्या हाताला घालून घेतलेली ही बंधनं फार जुनी आहेत. पण पूर्वी राखणारा एक राजा होता किंवा एक देव होता, आणि त्यांचा धाक होता. आता राखायचं आहे ते आपणच, तेही कुणाचा धाक नसताना. ते जास्त कठीण आहे.

जायचं असेल तर थंडीत किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला जा. सुपेगावला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, वाटाड्या घ्या. त्या रानाची वाट त्याच्या पायांना ठाऊक असते आणि त्याच्या घरी त्याने चार पैसे येतात. भडक कपडे नकोत, गाणी वाजवायला नकोत, प्लास्टिक नेलंत तितकं परत आणा. उन्हाळ्यात विडी-काडी तर खिशातसुद्धा नको. वाळल्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते, आणि पाचोळा जळला की पाझरही जातो. पाणवठ्यावर पोहोचलात तर दूर बसा, थोड्या वेळाने उठून जा. आपण बसलेले असतो तेवढा वेळ झाडांच्या कडेला कुणीतरी तहानलेलं उभं असतं.